फुकट उपचाराचा खर्च

मनाच्या आजारावर इलाज करणं आपल्या ऐपतीबाहेरचं आहे, असं आमच्या डिचोली तालुक्यात सर्रास बोललं जातं. पेडण्यातही तेच ऐकू येतं. मी हा इलाज गोव्यातच, सरकारी इस्पितळातून घेतला. डॉक्टरांना फी द्यावी लागली नाही, गोळ्याही फुकट मिळाल्या, तरीही तो मला जड गेला. पैसे कुठे जातात, वेळ कुठे जातो आणि माणूस अर्ध्या वाटेवरून का मागे फिरतो, हे ज्याने अनुभवलं त्यानेच सांगितलेलं बरं. माझ्यासारख्या वीस-पंचवीस वर्षांच्या, तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या मुलामुलींना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

माझं गाव डिचोलीच्या खाणपट्ट्यात. बाबांचा स्वतःचा ट्रक होता, खनिज वाहायचा. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, तेव्हा मी शाळेत होते. पुढे काही काळ खाणी चालल्या. मग फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द ठरवलं आणि मार्चच्या मध्यापासून आमचा ट्रक पुन्हा दारात उभा राहिला. मी तेव्हा साखळीच्या सरकारी कॉलेजात शिकत होते. बँकेचे हप्ते थकले तसे बाबा बोलेनासे झाले. रात्र रात्र सोप्यावर बसून राहायचे. हा आजार असू शकतो, असं घरात कोणाच्याही मनात आलं नाही. ट्रक गेला तर माणूस गप्प होणारच, असंच सगळे धरून चालले होते.

पदवी झाल्यावर मी मांद्रेतल्या एका हॉटेलात रिसेप्शनला लागले आणि पेडण्याला मावशीकडे राहू लागले. पगार पंधरा हजार. त्यातले निम्मे घरी जायचे, उरलेल्यात स्कूटरचं पेट्रोल, मावशीच्या हातावर थोडे पैसे आणि माझा खर्च.

2022 च्या पावसाळ्यात माझी झोप उडाली. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छातीत धडधडत राहायचं. ड्यूटी संपवून घरी आले की युनिफॉर्म न बदलता खाटेवर पडायचे. केस विंचरायचे म्हटलं तरी अंगात त्राण नसायचं. समोरच्या पाहुण्याने नाव सांगितलं की लिहीपर्यंत मी ते विसरलेली असायचे. चवथीला घरी गेले. माटोळी बांधायला मी लहानपणापासून सगळ्यांच्या पुढे. कुठलं फळ कुठे टांगायचं, तोरिंग कुठे, सुपारीचा घोस कुठे, हे माझ्याशिवाय ठरायचं नाही. त्या वर्षी भाऊ खालून फळं देत राहिला आणि मी शिडीवर नुसती उभी राहिले. मग खाली उतरून आत जाऊन झोपले. आईने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. जगून तरी काय करायचं, हा विचार त्याच दिवसांत यायला लागला होता. तो मी कोणालाच सांगितला नाही.

पेडण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12. तपासण्या करून घेतल्या ते बरं झालं, कारण थायरॉइड बिघडलं की अशीच मरगळ येते. सगळं ठीक निघालं तेव्हा त्यांनी म्हापशाच्या एका खासगी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव दिलं. तिथे पहिल्या भेटीचे हजार रुपये, महिन्याच्या गोळ्यांचे सातशेच्या आसपास. शिवाय दर आठवड्याला समुपदेशकाकडे बसायचं होतं, त्याचे एका बैठकीचे बाराशे. मी तिथल्याच बाकावर बसून हिशेब घातला. महिन्याला साडेपाच हजार लागणार होते. घरी पैसे पाठवणं बंद केलं असतं तरच ते जमलं असतं, आणि ते बंद केलं असतं तर का, हे घरी सांगावं लागलं असतं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी माझा चेहरा वाचला असावा. म्हणाले, “हेच औषध बांबोळीला मिळेल, पैसे न देता. चिठ्ठी देतो, पण जा मात्र नक्की.” चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि ती बरेच दिवस तिथेच राहिली.

बांबोळीला म्हणजे मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत, ज्याला सगळे आयपीएचबी म्हणतात. गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या शेजारची ही संस्था 1980 पासूनची. बांबोळीला येण्याआधी मनोरुग्णांचं इस्पितळ पणजीत आल्तिनच्या टेकडीवर होतं. त्याला आबे फारिया यांचं नाव होतं. 1756 मध्ये कांदोळीत जन्मलेला, पॅरिसमध्ये जाऊन संमोहनावर काम केलेला हा आपला गोमंतकीय माणूस. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. पण आमच्या आजीच्या तोंडी फारियाचं नाव कधीच नव्हतं. कोणी विचित्र वागला की ती म्हणायची, “ताका आल्तिनार व्हरूंक जाय.” इस्पितळ बांबोळीला गेलं, तरी ते वाक्य घरात तसंच राहिलं. चिठ्ठी पर्समधून बाहेर निघत नव्हती ती त्या वाक्यामुळे.

मावशीला माझी अवस्था दिसत होती. तिने देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला, दृष्ट काढली. मग कोजागिरीला पेडण्याची पुनव आली. पुनवेला दूरदूरची माणसं येतात. कोणाला बाधा झाली, कोणाच्या अंगात येतं, कोणाची झोप गेली, अशांना घरचे हाताला धरून आणतात. तरंगं नाचत बाहेर निघतात, ढोल वाजतात, गर्दीत कोणी रडतं, कोणी ओरडतं. मावशी मलाही घेऊन गेली. माझ्या बाजूला एक बाई आपल्या तरुण मुलाला दोन्ही हातांनी कवटाळून उभी होती. तो थरथरत होता. लोक तिला वाट करून देत होते, कोणी पाणी आणून दिलं, कोणी तिच्या मुलाची चप्पल शोधून आणली. कोणीही त्याला हसलं नाही, नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मला बरं वाटलं का? त्या रात्री नाही. पण मनाचं दुखणं घेऊन चारचौघांत उभं राहता येतं, आपल्याच गावात, आपल्याच माणसांच्या सोबतीने, हे मी तिथे पाहिलं. घरी येताना मावशीला चिठ्ठीबद्दल सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “हांव येतां तुजेवांगडा.” देवाला सांगून झालं होतं, आता डॉक्टरला सांगायला तिची ना नव्हती.

पेडण्याहून बांबोळीला जायचं तर आधी म्हापसा, म्हापशाला बस बदलून पणजी, पणजीला पुन्हा बदलून बांबोळी. पर्वरीला वाहनांची रांग लागली की किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. पहाटे निघालो तरी पोचेपर्यंत ओपीडीत माणसं जमलेली होती. मी ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली होती. केसपेपर काढला आणि बाकावर बसलो. शेजारी कोण होतं? एक शाळेच्या गणवेशातली मुलगी आणि तिची आई. हातात हेल्मेट घेतलेला एक मुलगा, माझ्याच वयाचा. दारू सोडायला आलेले एक गृहस्थ आणि त्यांची फाईल सांभाळणारी बायको. आजीच्या बोलण्यातलं ते भयंकर ठिकाण हे असं होतं. तालुक्याच्या कुठल्याही आरोग्य केंद्रात दिसतात तशीच माणसं तिथे बसलेली होती. बाकावर बसल्या बसल्याच मी ओढणी खाली घेतली.

आत एका तरुण डॉक्टरणीने खूप वेळ माझं ऐकून घेतलं. झोप, भूक, काम, घर, पाळी, कोणाला पूर्वी असा त्रास होता का. बाबांबद्दल सांगताना मी पहिल्यांदाच मोठ्याने रडले. तिने मध्येच सरळ विचारलं, “जीव द्यावा असं वाटतं का?” इतक्या साध्या आवाजात विचारलं की मलाही साध्या आवाजात हो म्हणता आलं. मग तिने आणखी विचारलं. कधी वाटतं, काही ठरवलं आहे का, घरात कोणाला माहीत आहे का. मावशीला आत बोलावलं आणि माझ्यासमोरच तिला समजावलं, की हे नैराश्य आहे, मुलगी आळशी नाही, तिला रात्री एकटं ठेवू नका, गोळ्यांचं पाकीट तुमच्याकडे ठेवा. वरिष्ठ डॉक्टरांनी पाहिलं, औषध ठरलं. एस्सिटॅलोप्रॅम, सुरुवातीला कमी मात्रेत. पहिले काही दिवस मळमळेल, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, बरं वाटलं तरी मनाने बंद करायचं नाही, हे तिने कागदावर लिहून दिलं. खिडकीवर गोळ्या घेतल्या. एक रुपयाही द्यावा लागला नाही.

रांगेत दोडामार्गकडची एक बाई भेटली. तिची वेगळीच काळजी होती. 2018 च्या जानेवारीपासून गोमेकॉत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, त्यामुळे इकडे यायचं म्हटलं की तिच्या घरात आधी पैशांची चर्चा होते. तिचं घर आमच्या डिचोलीपासून फार लांब नाही. तिचं माहेर तर गोव्यातच. तरी सीमेच्या पलीकडचा पत्ता आडवा येतोच.

आता खर्चाचं सांगते. दर भेटीला दोन माणसांचं तिकीट, बाहेरचं खाणं, आणि कापलेला एक दिवसाचा पगार. मी ठेकेदाराकडून लागलेली. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं संरक्षण मिळतं, आजारपणाच्या रजेचा पैसाही मिळतो. पण मला कार्डच दिलेलं नव्हतं. मागितलं तर पुढच्या महिन्यात बघू म्हणाले, आणि सीझन संपेपर्यंत तो पुढचा महिना उजाडला नाही. सुट्टी कशासाठी हवी हे विचारल्यावर मी दाताचं दुखणं सांगायचे, कारण खरं सांगितलं तर रिसेप्शनवरून काढतील ही भीती. घरात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड होतं. पण ते इस्पितळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी, बसच्या तिकिटाला आणि बुडालेल्या पगाराला ते लागत नाही. 2015-16 मध्ये निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात गोवा नव्हता, पण त्यातलं एक वाक्य माझ्या घरचं वाटलं: मनाच्या आजाराचं माणूस घरात असलं की कुटुंबाचे महिन्याला हजार ते दीड हजार रुपये जातात, आणि ते मुख्यतः उपचार आणि तिथवर पोचण्याचा प्रवास यांवर. त्याच सर्वेक्षणात आजारागणिक 70 ते 92 टक्के लोक उपचाराविना राहतात असंही आढळलं. ते का राहतात, हे पर्वरीच्या रांगेत अडकलेल्या बसमध्ये बसून कळतं.

गोळ्यांचा गुण यायला लागला तो आधी झोपेत दिसला. पण डॉक्टरणीने सांगितलं होतं की बोलून घ्यायचे उपचारही हवेत, आणि ते दर आठवड्याला घेतले तर बरं. दर आठवड्याला बांबोळी मला शक्य नव्हतं. औषधासाठी म्हापशाचं जिल्हा इस्पितळ जवळ पडलं असतं, तिथेही मानसोपचार विभाग आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. समुपदेशनासाठी म्हापशातच एका संस्थेत विनाशुल्क सोय झाली. तिथल्या ताईंनी मला एक कागद दिला. सात उभे रकाने, आठवड्याच्या वारांचे. प्रत्येक वारी एकच लहान काम लिहायचं, ते केलं की खूण करायची, आणि करताना कसं वाटलं त्याला दहापैकी गुण द्यायचे. सोमवारी: केस धुणे. मंगळवारी: मावशीबरोबर बाजारात जाऊन येणे. बुधवारी: मैत्रिणीला फोन, पाच मिनिटं. मन लागेल तेव्हा काम करू, असं म्हणत मी महिनोन्महिने पडून होते. ताई म्हणाल्या, आधी काम करा, मनाला मागून येऊ द्या. पहिल्या आठवड्यात बहुतेक रकाने कोरेच राहिले. त्या रागावल्या नाहीत. पुढच्या आठवड्यासाठी त्यांनी काम आणखी लहान केलं: केस धुणे खोडून, केसांना तेल लावणे.

पुढे कळलं, की ही पद्धत आपल्या गोव्यातच पारखून घेतलेली आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये गोव्यात सुरू केलेल्या ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा प्रयोग केला. मानसोपचाराचं कसलंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केलं आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांना त्यांच्याकडून सहा ते आठ बैठका दिल्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले होते. ते न मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होतं. 2017 च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं आणि जगभरातले डॉक्टर त्याचा दाखला देतात. मला हे वाचून फार आनंद झाला आणि तितकंच वाईटही वाटलं. आमच्याच आरोग्य केंद्रांतून सिद्ध झालेली गोष्ट शोधत मी तालुक्याबाहेर फिरत होते.

एक रात्र सांगितली पाहिजे. गोळ्या सुरू झाल्यानंतरचीच. मावशी गावी गेली होती आणि तो विचार परत आला, पूर्वीपेक्षा जोरात. 10 ऑक्टोबर 2022 ला केंद्र सरकारने टेली-मानस ही मदतवाहिनी सुरू केली, तिचा क्रमांक 14416 मी पेपरातून कापून ठेवला होता. फोन फुकट, चोवीस तास. मी मराठीत बोलले, पलीकडूनही मराठीतच बोलले. त्या बाईंनी आधी विचारलं, आत्ता घरात कोण आहे? शेजारी कोणाला उठवता येईल? मी शेजारच्या काकींचं दार वाजवेपर्यंत त्या फोनवर थांबल्या. काकींनी काही विचारलं नाही, स्वतःच्या बाजूला अंथरूण घातलं. सकाळी चहा दिला आणि मावशीला फोन केला. ज्यांना असा विचार येतो त्यांनी हा क्रमांक आजच फोनमध्ये घालून ठेवावा, आणि एका जवळच्या माणसाला आधीच सांगून ठेवावं.

हळूहळू मी सावरले. मांद्रेची नोकरी सोडली, आता डिचोलीत एका दुकानात हिशेब लिहिते आणि घरी राहते. बरं वाटायला लागल्यावरही डॉक्टरांनी औषध कित्येक महिने चालू ठेवलं आणि मग थोडं थोडं करून उतरवलं. आई सुरुवातीला विचारायची, “गुळयो खावन मन बरें जाता?” तिला मी त्या सात रकान्यांचा कागद दाखवला. आता शेजारच्या मुलींना ती स्वतःच माझ्याकडे पाठवते.

राहिले बाबा. त्यांची झोप 2018 पासून गेली आहे. ते बांबोळीला येणार नाहीत. मी विनवलं, आईने विनवलं. पण हेच बाबा दर महिन्याला न चुकता आरोग्य केंद्रात जातात, रक्तदाबाच्या गोळ्या आणायला. ती वाट त्यांच्या पायाखालची आहे, नर्सबाई त्यांना नावाने ओळखतात, तिथे दिसल्याबद्दल गावात कोणी काही बोलत नाही. 2018 मध्ये लागू झालेला मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रत्येकाला परवडणाऱ्या दरात, चांगल्या दर्जाची मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क देतो आणि ती सेवा प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंतच्या सगळ्या पातळ्यांवर आणायची जबाबदारी सरकारवर टाकतो. म्हणजे मी मागते ते कायद्यात आधीच लिहिलेलं आहे. रक्तदाब मोजणाऱ्याच खोलीत, “झोप लागते का, पात्रांव?” असं विचारणारं, शिकून तयार झालेलं एक माणूस हवं. दुकान बंद झाल्यावर जाता येईल अशी आठवड्यातली एक संध्याकाळची ओपीडी हवी. पेडण्याला हवी, डिचोलीलाही हवी.

ते होईपर्यंत थांबू मात्र नका. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा, म्हापशाला विचारा, नाहीतर सरळ बांबोळीला जा. पहिली बस पकडा, जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर ठेवा, सोबत एक माणूस घ्या. कोणी मिळत नसेल तर मला सांगा, आमच्या गावातून मी येईन.